डाकूचा मुलगा: 'बहादूर'चे अंक पुन्हा वाचताना

डिसेंबर १९७६. 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या पानांवर एक अनोळखी तरुण अवतरला. वेताळासारखा डोळ्यांवर मुखवटा नाही, बोटात कवटीची अंगठी नाही, मॅन्ड्रेकची नजरबंदी तर दूरच. अंगात भगवा कुडता, खाली जीन्सची पँट, आणि वस्ती चंबळच्या खोऱ्यात. नाव बहादूर. आफ्रिकेतले घनदाट जंगल आणि अमेरिकेतला जादूगाराचा महाल यांची सवय झालेल्या मुलांना साहसकथेत प्रथमच आपल्या देशातली धूळ दिसली. हा धागा त्या अंकांच्या पुनर्वाचनाचा आहे.

१९७६ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज साठीच्या घरात आहे. पण 'बहादूर'चे बालवाचक तेवढेच नव्हेत. वडिलांच्या किंवा मामाच्या घरच्या माळ्यावरून, पत्र्याच्या ट्रंकेतून, रद्दीच्या दुकानातल्या गठ्ठ्यातून हे अंक पुढच्या पिढीच्या हाती आले. कडा पिवळ्या पडलेल्या, मुखपृष्ठ सुटलेले, शेवटची दोन पाने गायब. डाकूचे काय झाले हे त्या दोन पानांत असायचे, आणि ते वाचकाला स्वतःच ठरवावे लागायचे. इतिहासाचा विद्यार्थी होऊ पाहणाऱ्यासाठी ही काही वाईट तालीम नव्हती.

'इंद्रजाल' सुरू झाले मार्च १९६४ मध्ये, 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहातर्फे. पहिला अंक ली फॉकच्या वेताळाचा. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असा त्याचा वेग वाढत गेला आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघू लागले. आयात केलेल्या कथा जशाच्या तशा छापल्या जात नसत, ही गोष्ट मोठेपणी कळते तेव्हा गंमत वाटते. वेताळाचा मूळ देश बेंगाला. भारतीय आवृत्तीत तो डेंकाली झाला, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळचे. समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग. ते सिंगा झाले. वेताळाच्या वडिलांचा मारेकरी रामा. तो रामालू झाला. संपादकाच्या तांबड्या पेन्सिलीने एक अख्खा भूगोल थोडा पलीकडे ढकलला, म्हणजे इथल्या कोणाच्या भावना दुखावू नयेत. १९३६ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या त्या कथामालेत हिंदुस्थान हा असा अर्धवट, कुठे नावापुरता तर कुठे फेट्यापुरता होता. तो खलनायकाच्या बाजूने यायचा.

या पार्श्वभूमीवर आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर ही केवळ नवी मालिका नव्हती. 'इंद्रजाल'ची असंख्य रंगीत मुखपृष्ठे 'बी. गोविंद' या सहीने करणारे चित्रकार ते हेच. वर्षानुवर्षे परदेशी नायकांना वेष्टण चढवणाऱ्या हाताला प्रथमच आपल्या मातीतला नायक मिळाला होता, आणि ते चित्रांत जाणवते. घळींच्या भेगाळलेल्या भिंती, गावातल्या बायकांच्या डोक्यावरचा पदर, मिशांचे नाना प्रकार यांत तो हात रमलेला दिसतो.

आता मूळ कथा. बहादूरचा बाप डाकू. पोलीस अधिकारी विशालच्या हातून तो मारला जातो. मुलाच्या मनात सूड. पण बापाच्या टोळीने गावोगावी काय करून ठेवले आहे हे त्याला दिसते आणि त्याचे मन पालटते. ज्याने बाप मारला तोच विशाल या पोराला आधार देतो, वाढवतो. मोठेपणी बहादूर जयगढच्या परिसरातल्या सामान्य माणसांना घेऊन नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो आणि डाकूंशी लढतो.

लहानपणी हा भाग भराभर उलटला जातो. मारामारी पुढे असते ना! पुन्हा वाचताना मात्र नजर अडते ती इथेच, आणि घोडदौड, बंदुका, कड्यावरच्या उड्या मागे पडतात. डाकूच्या मुलाने काय व्हायचे असते, हा प्रश्न १९७६ सालच्या भारतात साहसकथेपुरता नव्हता. त्याला शंभर वर्षांचा सरकारी इतिहास होता.

तो इतिहास थोडक्यात असा. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. चार जण असतील तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. ही झाली कृत्याची व्याख्या. पण इंग्रजी राज्याला कृत्यावर समाधान नव्हते. त्याला माणसांचे वर्गीकरण हवे होते. विल्यम स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेतून १८३० च्या दशकात जे खाते उभे राहिले त्याच्या नावात पुढे 'ठगी'सोबत 'डकैती'ही आली. त्या मोहिमेने एक कल्पना रुजवली: गुन्हा हा इथे वंशपरंपरागत धंदा आहे, सुताराचा मुलगा सुतार तसा दरोडेखोराचा मुलगा दरोडेखोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या कल्पनेला वैधानिक रूप दिले. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ च्या नव्या रूपात देशभर पसरला. सूचित नाव आलेल्या जमातीतला माणूस जन्मतःच संशयित. त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. काहींना तर वसाहतीत डांबलेले. सोलापूरची 'सेटलमेंट' आणि तिचे तारेचे कुंपण हा महाराष्ट्राच्या स्मृतीचा भाग आहे.

कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्त दिन पाळला जातो तो त्याच तारखेला. पण कायदा गेला म्हणून शिक्का पुसला जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, म्हणजे 'बहादूर' ऐन भरात असण्याच्या काळानंतर, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या आत्मकथनाचे शीर्षकच एका जमातीवर मारलेला चोरीचा शिक्का आहे. बाप कोण, यावरून मुलाकडे पाहण्याची पोलिसी नजर तोवर हटलेली नव्हती. आजही हटली आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

त्या नजरेला चित्रकथेने दिलेले उत्तर साधे होते. डाकूचा मुलगा डाकू होत नाही. एवढेच. शिवाय त्याला वाचवणारा माणूस खाकी वर्दीतला आहे, म्हणजे ज्या यंत्रणेने शंभर वर्षे उलटे मानले तिचाच प्रतिनिधी. सुरतींनी हा कायदा मनात ठेवून कथा रचली असे म्हणायला आधार नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. चंबळचे नामांकित डाकू बहुतांशी या कायद्याच्या यादीतल्या जमातींचे नव्हतेच. ठाकूर, गुज्जर, ब्राह्मण अशा जमीनधारक जातींचे होते. तरीही 'रक्तातच असते' ही समजूत यादीबाहेरही तेवढीच पसरलेली होती, आणि रद्दीतून आणलेल्या अंकाने ती शाळकरी वाचकाच्या डोक्यातून नकळत खोडून काढली. चांगल्या साहसकथेचे काम यापेक्षा वेगळे काय असते?

मात्र इथेच पुनर्वाचनाची दुसरी बाजू सुरू होते. जे चित्रात आहे ते पाहून झाले की जे चित्रात नाही ते दिसू लागते. चित्रकथेतल्या डाकूला शेत नाही.

चंबळ नदी मध्य प्रदेशात महूजवळच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ९६० किलोमीटर वाहून इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात भिंड, मुरैना, धौलपूर, आग्रा, इटावा या पट्ट्यात गाळाची मऊ जमीन पावसाने कापत जाऊन घळींचे जंगल तयार झाले आहे. त्यालाच बीहड म्हणतात. बाहेरून आलेल्या पोलिसाला दोन वळणांत दिशा हरवते, आणि गावच्या पोराला ती परसासारखी ठाऊक असते. पण बीहड ही केवळ लपायची जागा नव्हे. ती शेत खाते. आज जिथे बांध आहे तिथे काही पावसाळ्यांनी घळ असते. जमीन आधीच तुटपुंजी, त्यात ती सरकणारी, आणि तलाठ्याच्या कागदावर मात्र स्थिर. त्यातून बांधाचे भांडण, भांडणातून डोके फुटणे, मग एक खून, मग बदल्याचा दुसरा. ज्याच्या हातून खून झाला तो बंदूक घेऊन घळीत उतरायचा. तिकडच्या बोलीत त्याला 'बीहड में कूदना' म्हणतात. कूदना, म्हणजे उडी मारणे. परत वर येणे त्या शब्दात नाही.

पानसिंग तोमर यांचे उदाहरण या धाग्याच्या बहुतेक वाचकांना चित्रपटामुळे परिचित असेल. सैन्यातला शिपाई, स्टीपलचेस शर्यतीचा अनेक वर्षांचा राष्ट्रीय विजेता, मुरैना जिल्ह्यातल्या भिडोसा गावचा. निवृत्त होऊन घरी आला, भाऊबंदकीत जमिनीचा वाद पेटला, आणि १ ऑक्टोबर १९८१ रोजी तो पोलिसांच्या गोळीने मेला तो टोळीचा म्होरक्या म्हणून. फूलनदेवीच्या कहाणीच्या मुळाशीही चुलत्याच्या घराशी असलेला जमिनीचाच तंटा आहे. तिच्या बाबतीत त्यावर जात आणि स्त्री असणे यांचे ओझे आणखी चढले. दोघेही 'बहादूर' प्रकाशित होत असतानाच्या काळातले. चित्रकथेतल्या डाकूला मात्र लोभ असतो, क्रौर्य असते, कधी कधी विदूषकी मूर्खपणा असतो, सात-बारा नसतो.

जातही नसते. प्रत्यक्षात टोळ्या बहुधा जातीच्या आधारावर उभ्या राहत. ज्या जातीचा म्होरक्या, त्या जातीच्या गावांत भाकरी, काडतुसे आणि खबर मिळायची. दुसऱ्या जातीच्या गावात दरोडा पडायचा. पोलिसांचा खबऱ्या, म्हणजे मुखबिर, तोही बहुधा विरुद्ध गोटातला. खंडणीसाठी उचललेल्या माणसाला 'पकड' म्हणायचे, आणि पकड कोणाच्या घरची याचा हिशेब असायचा. जयगढच्या चित्रांत गाव म्हणजे गाव, एकजीव. डाकू बाहेरून येतो आणि सगळे मिळून त्याला पिटाळतात. हे चित्र मुलांसाठी सोपे केले, असे म्हणून सोडून देता येईल. पण त्याच वेळच्या हिंदी चित्रपटाने प्रौढांसाठी तरी काय वेगळे केले? 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला झळकला. त्याचे रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या कातळांत उभारले होते, चंबळची एकही घळ त्यात नाही, आणि गावकऱ्यांचे आपसातले नातेसंबंध म्हणजे टांगा, टाकी आणि मशीद. गब्बर हे नाव तेवढे खरे: १९५० च्या दशकात नाके कापण्यासाठी कुख्यात असलेल्या भिंडच्या डाकूचे. चित्रपटांनी दिलेले घोडेही बरेचसे उसनेच. घळींतल्या निमुळत्या वाटांवर टोळ्या मुख्यतः पायी चालत, रात्रीत मैलोगणती.

शब्दाचाही प्रश्न आहे. चित्रकथा म्हणते 'डाकू'. चंबळमधला डाकू स्वतःला म्हणवतो 'बागी'. डाकू म्हणजे लुटणारा, बागी म्हणजे बंड केलेला. कोणाविरुद्ध बंड? ठाणेदाराविरुद्ध, पटवाऱ्याविरुद्ध, भावकीविरुद्ध. या शब्दाने खून आणि अपहरणे धुवून निघत नाहीत, आणि बागींच्या कर्तबगारीवर गाणी रचणाऱ्यांनी पकड झालेल्या माणसाच्या बायकोला विचारले नव्हते. तिच्या लेखी दोन्ही शब्द सारखेच. तरीही इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही शब्द शेजारी ठेवायला हवेत, कारण सरकारने आणि चित्रकथेने एकच उचलला.

मनपरिवर्तनाची कल्पना मात्र चित्रकथेने हवेतून आणलेली नाही. तिच्यामागे दोन खऱ्या घटना आहेत आणि पहिल्या घटनेच्या केंद्रस्थानी कोकणातल्या गागोदे गावात जन्मलेला एक मराठी माणूस आहे.

मानसिंग हा चंबळचा सर्वांत नावाजलेला डाकू १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा घेऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबा भाव्यांना पत्र पाठवले. भूदानासाठी गावोगाव चालणारे विनोबा मे १९६० मध्ये भिंड-मुरैनाच्या बीहडांतून पायी गेले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली; त्यांत मानसिंगच्या टोळीचा लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्काही होता. डाकूचा मुलगा तुरुंगातून पत्र लिहितो आणि बापाच्या टोळीतले लोक बंदुका खाली ठेवतात! चित्रकथेच्या पटकथाकाराने असे काही सुचवले असते तर संपादकाने ते फारच गोड आहे म्हणून परत केले असते.

सगळ्यांना हे रुचले नव्हते. मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख खुस्रो रुस्तमजी, हे नागपूरजवळच्या कामठीचे, आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक, यांनी या मोहिमेवर उघड आक्षेप घेतला. वर्षानुवर्षे जीव धोक्यात घालून लढणाऱ्या शिपायांचे काय, आणि खून झालेल्या कुटुंबांचे काय? आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. पौनारचा संत आणि कामठीचा पोलीस अधिकारी यांच्यातला तो वाद हा खरा 'बहादूर' आहे, असे म्हणावेसे वाटते. चित्रकथेत हा वाद होतच नाही. कारण तिथला विशाल एकाच वेळी रुस्तमजीही आहे आणि विनोबाही. त्याने डाकूला गोळी घातली आणि डाकूच्या मुलाला जवळ घेतले. दोन परस्परविरोधी मार्ग एका वर्दीत बसवून टाकले की कथा सुटसुटीत होते.

दुसरी घटना अधिक मोठी. माधोसिंग हा डाकू नाव बदलून, कंत्राटदाराचा वेश घेऊन पाटण्याला जयप्रकाश नारायणांच्या घरी गेला आणि मध्यस्थी करा म्हणून अडून बसला. महिनोन्महिने बोलणी झाली. १४ एप्रिल १९७२ रोजी मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी जयप्रकाशांच्या उपस्थितीत शस्त्रे खाली ठेवली. मोहरसिंगच्या डोक्यावर तेव्हा दोन लाखांचे बक्षीस होते. पुढच्या काळात चंबळ आणि बुंदेलखंड मिळून शरण आलेल्यांची संख्या काही शेकड्यांत गेली. फाशी होऊ नये, आणि कुटुंबांचे पुनर्वसन व्हावे, या मुद्द्यांभोवती ती बोलणी फिरत होती. खटले चालले, शिक्षा झाल्या, आणि बऱ्याच जणांनी त्या मध्य प्रदेशातल्या मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करत भोगल्या. बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला शेवटी जे हवे होते ते तिथे कैदी म्हणून मिळाले: नांगरायला जमीन.

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एप्रिल १९७२ मध्ये डाकू ज्यांच्यापुढे शरण आले त्या जयप्रकाशांना २६ जून १९७५ च्या पहाटे अटक झाली. पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करणारा तो वृद्ध माणूस आता देशाच्या सुरक्षिततेला धोका ठरला होता. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. आणि डिसेंबर १९७६ मध्ये, आणीबाणी अजून उठायची असताना, मुलांच्या हाती डाकूंच्या मनपरिवर्तनाची चित्रकथा आली. तीत जयप्रकाशांसारखे कोणी नाही, भूदानाचा कार्यकर्ता नाही, आश्रम नाही. आहेत ते कर्तव्यदक्ष पोलीस अधिकारी आणि त्याला साथ देणारे शिस्तबद्ध नागरिक. वृत्तपत्रांवर निर्बंध असलेल्या त्या काळात यापेक्षा निराळी कथा निघाली असती का, हा प्रश्न विचारला पाहिजे. लेखकाने भीतीने असे लिहिले असा त्याचा अर्थ नाही. काळ आपले काम कथेच्या गाळलेल्या जागांतही करून जातो.

नागरिकांचे सुरक्षा दल, ही कल्पना मुलांना विलक्षण आवडायची. गल्लीगल्लीत तसली दले निघत आणि परीक्षा आल्या की विसर्जित होत. प्रत्यक्षातही चंबळ खोऱ्यात सरकारने गावकऱ्यांना बंदुकांचे परवाने दिले, ग्रामरक्षक दलांचे प्रयोग झाले. पण परवाना कोणाला मिळतो, यावर सगळे अवलंबून असते. गावातल्या एका गोटाकडे परवान्याची बंदूक आली की दुसरा गोट बिनपरवान्याची शोधतो. चंबळमध्ये खांद्यावरची बंदूक ही प्रतिष्ठेची खूण बनली ती काही केवळ डाकूंमुळे नव्हे. जयगढच्या दलात जातवार यादी कधी दाखवली जात नाही. ती असती, तर बहादूरच्या दलाचा पहिला पेच डाकूंशी नव्हे, दलातच झाला असता.

बेलाचा उल्लेख केल्याशिवाय हे वाचन अपुरे राहील. ती बहादूरची सखी, लढाईत त्याच्या बरोबरीची, लग्नाच्या बंधनाशिवाय त्याच्या सोबतीने वावरणारी. १९७६ च्या मध्यमवर्गीय घरात, ज्या घरात हे अंक आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत वाचले जात, ही साधी गोष्ट नव्हती. बहुधा घोडे आणि बंदुका यांच्या गर्दीत ती कोणाच्या नजरेत भरली नसावी. वेताळाच्या डायनाला वाट पाहावी लागते. बेला वाट पाहत नाही, ती आधीच पोहोचलेली असते. चंबळला बंदूकधारी बाई नवी नव्हती. मुरैना जिल्ह्यातली नाचगाणे करणारी पुतलीबाई १९५० च्या दशकात टोळीची म्होरकी झाली आणि १९५८ मध्ये मारली गेली. पुढे १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडमध्ये मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर फूलनदेवीने बंदूक ठेवली ती गांधी आणि दुर्गा यांच्या तसबिरींपुढे. मुलांच्या चित्रकथेत बेला ज्या सहजतेने लढते, तिच्यामागे या बायकांचे हाल नाहीत. ते असावेत अशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल. पण १९८३ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रातले ते लहानखुरे, कपाळाला लाल पट्टी बांधलेल्या मुलीचे छायाचित्र आणि बेलाचे चित्र ज्या मुलांनी एकाच घरात पाहिले, त्यांना तो फरक सांगावा लागला नसेल.

पुढे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेले, चित्रे प्रमोद ब्राह्मणिया काढू लागले. कथाही बदलली. बहादूर बीहड सोडून शहरात, तस्करांच्या आणि गुन्हेगारी टोळ्यांच्या मागे धावू लागला. या काळातल्या कथा रंजक आहेत, काही तर अधिक सफाईदार. पण कुडता जिथल्या धुळीने मळला होता ती धूळ त्यांत नाही. कोणत्याही शहरातला कोणताही नायक तिथे चालला असता. १९९० मध्ये 'इंद्रजाल'च बंद पडले. तोवर घराघरांत दूरचित्रवाणी आली होती.

आबिद सुरती यांची आणखी एक ओळख मुंबईकरांना आहे. मीरा रोडला राहणारे हे चित्रकार-लेखक २००७ पासून दर रविवारी नळकारागिराला बरोबर घेऊन इमारतींमधून फिरू लागले, घरोघरचे गळके नळ फुकटात दुरुस्त करून द्यायला. सुरक्षा दल उभारणारा नागरिक त्यांनी कागदावर रेखाटला होता. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी त्याला हातात पाना दिला.

आणि मोहरसिंग? शिक्षा भोगून तो भिंड जिल्ह्यातल्या मेहगावात स्थायिक झाला. १९८२ मध्ये, म्हणजे 'बहादूर' अजून चालू असताना, 'चंबल के डाकू' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात मोहरसिंग आणि माधोसिंग यांनी काम केले, आणि भूमिका त्यांना स्वतःच्याच मिळाल्या. पुढे मेहगावच्या लोकांनी मोहरसिंगला नगरपालिकेचा अध्यक्ष केले. २०२० च्या मे महिन्यात, म्हातारपणी, तो त्याच गावात आपल्या घरी वारला.